विमान किती लांब जाते आणि लांबच्या मार्गांवर कोण टिकते: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून आधी गोव्याचे आणि मग मुंबईचे विमान सुरू झाले. तेव्हापासून सोलापुरात विमानांविषयीचे प्रश्न वाढले आहेत. मुलगा अमेरिकेत शिकतो, सून जर्मनीत नोकरीला आहे, टॉवेलचे नमुने लंडनला पाठवायचे आहेत, अशा घरांतून आणि कारखान्यांतून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दर, वेळापत्रके आणि हवाई हद्दींची स्थिती बदलत राहते, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या दिवशीची माहिती पाहून घ्या. बाकीचे गणित तेच राहते.

माहितीपत्रकात "रेंज १४,००० किलोमीटर" लिहिलेले असते. म्हणजे ते विमान तेवढे जातेच का?

जातेच असे नाही. रेंज हा आकडा विमानापेक्षा त्या दिवसाचा असतो. त्या दिवशी माणसे किती, माल किती, वारा कसा, ऊन किती आणि वाटेतले आकाश उघडे की बंद, यावर तो ठरतो.

बोइंग ७८७-९ चा हिशेब मांडून पाहू. उड्डाण करताना या विमानाचे वजन जास्तीत जास्त २५४ टन चालते. खुर्च्या, किचन, कर्मचारी धरून पण प्रवासी आणि इंधनाशिवाय विमान साधारण १२९ टन भरते. टाक्या काठोकाठ भरल्या तर सुमारे १,२६,००० लिटर इंधन मावते. विमानाचे इंधन पाण्यापेक्षा हलके, लिटरला सुमारे ८०० ग्रॅम, म्हणजे झाले १०१ टन. १२९ आणि १०१ मिळून २३०. मर्यादेपर्यंत उरले २४ टन. सामानासकट एक प्रवासी १०० किलो धरला तर २४० माणसे बसली की वजन संपले. खाली कार्गोसाठी एक पेटीसुद्धा घेता येत नाही.

आता उलटे करा. प्रवासी आणि माल मिळून ५२ टन भरा, तेवढा भार हे विमान पेलते. मग इंधनाला उरतात फक्त ७३ टन. तासाला साडेपाच टनांच्या आसपास इंधन जळते आणि सहा-सात टन राखीव ठेवावे लागते. म्हणजे पहिल्या हिशेबात विमान सतरा तास उडते, दुसऱ्यात बारा. विमान तेच, टाकी तीच.

ट्रकवाल्याला हा प्रश्न पडत नाही. तो टाकीही फुल्ल करतो आणि हौदाही भरतो. विमानात दोन्ही एकदम पूर्ण भरता येत नाही, आणि लांबच्या मार्गांवरची निम्मी स्पर्धा या एका अडचणीभोवती फिरते.

मग थोडे जास्त इंधन घेतले की झाले ना?

जास्तीचे इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते. ढोबळ नियम असा की वरच्या प्रत्येक टनातले तीन ते चार टक्के दर तासाला फक्त तो टन उचलून धरण्यात जातात. पंधरा तासांच्या प्रवासात दहा टन जास्त घेतले तर त्यातले चार टनांच्या आसपास वाटेतच खर्ची पडतात. म्हणून सोळा तासांच्या एका उड्डाणापेक्षा आठ-आठ तासांची दोन उड्डाणे एकूण इंधनात स्वस्त पडू शकतात. मधल्या विमानतळाचे शुल्क, वेळ आणि दुसरे उतरणे-उडणे यांचा खर्च मात्र वेगळा.

राखीव इंधन म्हणजे नेमके किती?

वाटेतल्या इंधनाच्या साधारण पाच टक्के अनपेक्षित खर्चासाठी, ठरलेल्या विमानतळावर उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्यापुरते, आणि त्याच्याही वर तीस मिनिटे घिरट्या घालण्याइतके. ही शेवटची तीस मिनिटे वापरावी लागतील अशी वेळ आली तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. विमान न्यूयॉर्कला उतरते तेव्हा टाकीत काही टन इंधन असतेच, आणि तसे असायलाच हवे.

जाताना सोळा तास, येताना चौदा. अंतर तर तेच. मग फरक कशाचा?

वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोर धरतात आणि दक्षिणेला सरकतात. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० च्या वेगाने ते चौदा तासांत व्हावे. समोरून सरासरी १०० चा वारा लागला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० राहतो आणि वेळ साडेपंधरा तासांच्या पुढे जाते. दीड-पावणेदोन तास जास्त म्हणजे जवळपास दहा टन इंधन, आणि दहा टन म्हणजे शंभर माणसांचे वजन. डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांत कार्गो कमी घेतला जातो किंवा काही खुर्च्या विकल्याच जात नाहीत, त्याचे कारण हे.

नकाशावर न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते. विमान उत्तरेकडे का जाते?

शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि कॅनडा असा जातो. हा सर्वांत जवळचा मार्ग. बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हा सुमारे १४,००० किलोमीटरचा मार्ग तर उत्तर ध्रुवाजवळून जातो. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये ७७७-२००एलआर विमानाने तो सुरू केला, तेव्हा पहिल्या उड्डाणाच्या कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या.

एखाद्या देशाने आकाश बंद केले तर काय होते?

त्या दोऱ्यावरचा एक तुकडा नाहीसा होतो आणि विमानाला वळसा घालावा लागतो. गेल्या काही वर्षांत स्पर्धेची सूत्रे नव्या विमानांपेक्षा या कारणाने जास्त हलली आहेत, म्हणून इथे थोडे सविस्तर.

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाची हवाई हद्द युरोप, अमेरिका आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद झाली. भारतीय कंपन्यांना ती उघडी राहिली. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून थेट मुंबईला येणारी युनायटेडची सेवा त्यानंतर बंद झाली. वळसा घालून तेवढेच प्रवासी आणणे परवडेना. एअर इंडियाला मात्र जवळच्या वाटेने जाता येत होते, आणि अमेरिकेच्या मार्गांवर तिला चांगली संधी मिळाली.

मग २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली, आणि पारडे फिरले. परदेशी कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येते, भारतीय कंपन्यांना नाही. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवण्यात आली. जुन्या ७८७ विमानांचे आतले काम काढल्यामुळे विमाने कमी पडणे हेही एक कारण होते, पण वळशाचा वाटा मोठा. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झाले होते.

सोलापूरकरांसाठी यातली कामाची गोष्ट अशी की मुंबईहून पश्चिमेला जाणारी विमाने अरबी समुद्रावरून आखाताकडे निघू शकतात, त्यामुळे मुंबईला हा फटका दिल्लीपेक्षा कमी बसतो. दोन्हीकडची तिकिटे सारख्या दराने मिळत असतील तर मुंबई घ्या.

इंधनासाठी मध्ये उतरले तर प्रवाशाने काय करायचे?

बहुतेक वेळा आतच बसून राहायचे. याला टेक्निकल हॉल्ट म्हणतात. तास-दीड तासात इंधन भरून विमान निघते. अडचण होते ती कर्मचाऱ्यांच्या ड्युटीच्या तासांची. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या उड्डाणावर चार वैमानिक असतात, दोघे चालवतात आणि दोघे बंकवर झोपतात. तरीही एकूण ड्युटीला मर्यादा आहे. ती ओलांडणार असेल तर नवे वैमानिक आल्याशिवाय विमान हलत नाही. थांबा आधीच ठरलेला असेल तर कंपनी त्या शहरात दुसरी तुकडी तयार ठेवते. अचानक ठरला असेल तर तास वाढतात. पुढचे कनेक्शन असेल तर उतरल्याबरोबर काउंटरच्या रांगेत उभे राहा आणि त्याच वेळी कंपनीच्या ॲपवरही फ्लाइट बदलून पाहा. जे आधी होईल ते घ्या.

दोनच इंजिने. समुद्रावर एक बंद पडले तर?

दुसऱ्यावर विमान उडत राहते, थोडे खाली आणि थोडे हळू. प्रश्न असतो तो किती वेळ उडायचे याचा. १९५३ पासून अमेरिकेत नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा दूर जाऊ नये. त्यामुळे समुद्रावरून तीन-चार इंजिनांची विमाने जात. १९८५ मध्ये बोइंग ७६७ ला १२० मिनिटांची परवानगी मिळाली, १९८८ मध्ये १८० ची सोय झाली, २०११ मध्ये ७७७ ला ३३० आणि २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत. ही परवानगी विमानाला एकदा मिळाली की संपले, असे नाही. कंपनीची देखभाल, इंजिनांची नोंद, वैमानिकांचे प्रशिक्षण हे सगळे त्यात तपासले जाते आणि ढिलाई दिसली तर ती कमी करता येते.

या परवानगीने चार इंजिनांच्या विमानांचे दिवस संपवले. एअरबस ए३८० चे उत्पादन २०२१ मध्ये थांबले, शेवटचे बोइंग ७४७ जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने सुपूर्द केले. दोन इंजिनांत काम होत असेल तर चारांची देखभाल आणि चारांचे इंधन कोण भरणार?

एक व्यवहाराची गोष्ट. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे ७७७ एका इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे सुरक्षित उतरले. दोनशेहून अधिक प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तिथे राहावे लागले, काहींना शाळेच्या इमारतीत. अशा गोष्टी क्वचित घडतात, पण रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या तीन-चार दिवस पुरतील इतक्या हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवलेल्या औषधाचा अशा वेळी काही उपयोग होत नाही.

सोलापूरहून थेट दुबई किंवा लंडन का होत नाही?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याची कारणे तीन.

पहिले, धावपट्टी. होटगी रोडची धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. गोव्याला जाणारे एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान भरल्यावर २३ टन वजनाचे असते आणि त्याला ती भरपूर होते. त्याची पूर्ण प्रवाशांसह मजल मात्र १,४०० किलोमीटरच्या आतच. मुंबईच्या मार्गावरचे एम्ब्राएर-१७५ हे ७६ आसनांचे जेट आहे, ते त्याहून बरेच लांब जाऊ शकते. पण अडीचशे टनांचे विमान उडवायचे तर तीन किलोमीटरच्या पुढची धावपट्टी आणि तेवढे वजन पेलणारा थर लागतो.

दुसरे, ऊन. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा जवळपास १४ टक्के विरळ होते. विमानाच्या दृष्टीने सोलापूर त्या दुपारी १,६०० मीटर उंचीवर असते, म्हणजे थेट कळसूबाईच्या माथ्याजवळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर घटतो, आणि विमानाला त्याच धावपट्टीवर जास्त धावावे लागते. धावपट्टी वाढत नाही, म्हणून वजन कमी करावे लागते. आधी माल, मग इंधन, शेवटी प्रवासी. जो हिशेब वर ७८७ चा मांडला तोच इथे लहान विमानाला लागू होतो.

तिसरे, परदेशी जायला कस्टम्स आणि इमिग्रेशन लागते, आणि रोज विमान भरेल इतके प्रवासी लागतात. धावपट्टीजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचा अडथळा जून २०२३ मध्ये गेला, पण या तिन्ही गोष्टी त्याने सुटल्या नाहीत. बोरामणीच्या नव्या विमानतळाची जागा मोठी आहे, तिथे माळढोक अभयारण्याचा प्रश्न आहे.

पुण्याचा अनुभव यात शिकण्यासारखा आहे. लोहगावची धावपट्टी सुमारे २,५०० मीटर आहे आणि तळ हवाई दलाचा आहे. २००८ पासून लुफ्तान्साचे पुणे-फ्रँकफर्ट विमान काही वर्षे चालले, पण तेही रुंद विमानाने नव्हे, कमी आसने बसवलेल्या एका अरुंद जेटने. मोठ्या उद्योगांचे शहर आणि महागडी तिकिटे घेणारे प्रवासी असूनही ती सेवा टिकली नाही.

ए३२१एक्सएलआर या विमानाने हे चित्र बदलेल असे म्हणतात. खरे आहे का?

थोडेफार बदलेल, मुंबईपुरते नक्की. हे एअरबसचे, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन आसनांचे अरुंद विमान आहे. मागच्या बाजूला १२,९०० लिटरची जादा टाकी आणि उड्डाणाचे कमाल वजन १०१ टन. कंपनी ८,७०० किलोमीटर रेंज सांगते. प्रत्यक्षात वारा आणि राखीव धरून साडेसात हजारांपर्यंतचे मार्ग आरामात. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आहे, म्हणजे युरोप त्याच्या टप्प्यात येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये इबेरियाने माद्रिद-बोस्टन मार्गावर ते पहिल्यांदा वापरले. इंडिगोनेही ही विमाने मागवली आहेत.

त्याची खरी ताकद आसनसंख्येत आहे. तीनशे आसनांचे विमान रोज भरणे कठीण अशा शहरांना दोनशेपेक्षा कमी आसनांचे विमान परवडते. मार्ग चालला नाही तर तोटाही लहान. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर नऊ-दहा तास एकाच अरुंद मार्गिकेत काढावे लागतात आणि सगळ्यांना मोजकीच स्वच्छतागृहे. पायांच्या सुजेचा त्रास असणाऱ्यांनी खिडकीऐवजी मार्गिकेचे आसन घ्यावे.

आखाती कंपन्यांचे तिकीट स्वस्त कसे पडते? वळसा पडत असेल ना?

वळसा फार नाही, हीच मोठी गोष्ट आहे. मुंबई-दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज १२,९०० च्या आसपास, आणि थेट अंतर साडेबारा हजार. फरक तीन-चार टक्के. लंडनमार्गे तर तो आणखी कमी.

दुसरी गोष्ट एकत्र बांधणीची. दुबई, दोहा, अबुधाबी इथे ठरावीक वेळेला चहूकडून विमाने येतात, दोन-तीन तासांनी सगळी एकदम सुटतात. मुंबईहून आलेल्या एका विमानातले प्रवासी चाळीस-पन्नास शहरांकडे फुटतात, आणि न्यूयॉर्कच्या विमानात मुंबई, हैदराबाद, कोची, ढाका, कोलंबो असे सगळीकडचे लोक चढतात. मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानाला मात्र फक्त मुंबई-न्यूयॉर्कचे प्रवासी आणि थोडे जोडीचे मिळतात. रिकामी खुर्ची हीच या धंद्यातली सर्वांत महाग वस्तू आहे.

यावर लगाम आहे तो दोन देशांतल्या कराराचा. भारत आणि दुबई यांच्यात दर आठवड्याला प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना सुमारे ६६,००० आसनांची मुभा आहे. दुबईच्या कंपन्या ती पुरेपूर वापरतात आणि वाढवून मागतात. भारतीय कंपन्यांचे म्हणणे, आमच्याकडे लांब जाणारी विमाने येऊ द्या, मग बघू. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आसने वाढली तर तुमचे तिकीट स्वस्त होईल, आणि भारतातून थेट विमाने सुरू व्हायला उशीर होईल. अमेरिकेशी मात्र २००५ पासून खुला करार आहे. तिथे अडते ते फक्त विमान आणि प्रवासी मिळण्यावर.

अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते आणि अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते. वयस्कर आई-वडील एकटे जात असतील तर हे सोयीचे, फक्त अबुधाबीतला थांबा तीन तासांपेक्षा कमी नको.

भारतीय कंपन्यांकडे लांब जाणारी विमाने किती येत आहेत?

टाटांकडे गेल्यानंतर एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमाने मागवली. त्यात लांबच्या पल्ल्याची ४० ए३५०, २० बोइंग ७८७ आणि १० बोइंग ७७७एक्स. ७७७एक्स मूळ वेळापत्रकानुसार २०२० मध्ये यायचे होते, आता पहिले विमान २०२७ चे सांगतात. इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए३५०-९०० मागवली आणि २०२५ मध्ये ती संख्या ६० केली. ती येईपर्यंत भाड्याच्या ७८७-९ विमानांनी जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅम सुरू केले.

जगातले सर्वांत लांबचे नियमित उड्डाण कोणते?

सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटर, अठरा तासांच्या पुढे. विमान ए३५०-९००यूएलआर. १,६५,००० लिटर इंधन आणि फक्त १६१ आसने, इकॉनॉमी वर्ग नाहीच. याच शहरांमध्ये २००४ ते २०१३ पर्यंत चार इंजिनांचे ए३४०-५०० चालवून पाहिले होते. त्याला दोन लाख लिटरच्या वर इंधन भरता येई. जाण्याची ताकद होती, परवडण्याची नव्हती. क्वांटासने सिडनी-लंडन थेट नेण्यासाठी २०,००० लिटरची जादा टाकी असलेली १२ ए३५०-१००० मागवली आहेत, त्यांत आसने २३८ च. ए३५०-१००० मध्ये एरवी साडेतीनशे बसतात. इतक्या लांब जायचे तर माणसे कमी करावी लागतात, हे पहिल्या प्रश्नातलेच गणित.

बुकिंग करताना कोणते विमान आहे हे कुठे कळते?

फ्लाइटच्या तपशिलात एक तीन अक्षरी खूण असते. ७८८ आणि ७८९ म्हणजे बोइंग ७८७ चे दोन प्रकार, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ३५९ म्हणजे ए३५०-९००. ७८७ आणि ए३५० मध्ये इकॉनॉमीत बहुधा तीन-तीन-तीन आसने असतात. ७७७ मध्ये काही कंपन्या तीन-चार-तीन बसवतात, तिथे खांद्याला खांदा लागतो. "डायरेक्ट" शब्दावर जाऊ नका. फ्लाइट क्रमांक एकच राहतो पण विमान मध्ये उतरते, तेव्हाही डायरेक्टच लिहितात. न उतरणारे हवे असेल तर "नॉनस्टॉप" पाहा. आणि "ऑपरेटेड बाय" ही ओळ वाचा, तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्याचे असे पुष्कळदा असते.

सोलापूरहून निघताना मुंबई धरावी की हैदराबाद?

अमेरिकेला नॉनस्टॉप हवे तर मुंबई. लंडन, फ्रँकफर्ट किंवा आखातमार्गे जायचे असेल तर हैदराबाद जरूर तपासा. रस्त्याने तीनशे किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ६५, आणि शमशाबादचा विमानतळ हैदराबाद शहराच्या बाहेरच असल्याने रिंगरोडवरून थेट पोचता येते. मुंबईकडे घाटापासून सहारच्या विमानतळापर्यंत किती वेळ जाईल याची खात्री देता येत नाही. नवी मुंबईचा विमानतळ सोलापूरहून येताना आधी लागतो. कोणत्या विमानतळाचे तिकीट आहे ते नीट वाचा, दोन्हींवर "मुंबई"च लिहिलेले असते.

मध्यरात्रीनंतरचे विमान असेल तर सकाळची वंदे भारत सोयीची, दुपारी दादरला उतरून निवांत सहारला जाता येते. सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलात तर पूर्ण दिवस मुंबईत काढावा लागतो. सोलापूर-मुंबई विमानाने जाणार असाल तर शक्यतो दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर मिळतात का पाहा. वेगवेगळी असतील तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, तरी दुसऱ्या कंपनीवर काही बंधन नाही. ती तुम्हाला "नो-शो", म्हणजे आलाच नाहीत असे, धरते आणि परतीचे तिकीटही रद्द होऊ शकते. अशा वेळी किमान आठ तासांचे अंतर ठेवा, पावसाळ्यात आदल्या दिवशीच निघा.

टॉवेल-चादरींचे पार्सल विमानाने पाठवले, ते दोन दिवस मुंबईतच पडून राहिले. का?

वजन कमी करायची वेळ आली की पहिला बळी मालाचा. त्यातही टॉवेल हा माल वजनाच्या मानाने जागा जास्त खातो, त्यामुळे भाडे घनफळावर लागते. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून ६,००० ने भागा. येणारे किलो आणि प्रत्यक्ष किलो यांत जे जास्त त्याचे पैसे. गाठी दाबून बांधल्या तर थेट बचत होते. तारीख महत्त्वाची असेल तर हिवाळ्यात नॉनस्टॉप अमेरिकी विमानाऐवजी आखातमार्गे पाठवा. पहिला टप्पा छोटा असल्याने तिथे माल सहसा मागे राहत नाही. मोठी खेप न्हावा शेवाहून बोटीनेच जाऊ द्या.

माझी बॅग मागे राहिली किंवा विमान रद्द झाले, तर काय मिळते?

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, नोंदवून क्रमांक घ्या. नुकसान झाले असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी दावा करा. माँट्रियल करारानुसार सामानाची कमाल भरपाई प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. खरेदीच्या पावत्या ठेवा.

विलंबाच्या भरपाईत कंपनी कुठली यावर बरेच अवलंबून आहे. युरोपीय कंपनीने मुंबईहून फ्रँकफर्टला जात असाल तर युरोपचा नियम लागतो. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल तर साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत मिळू शकतात. भारतीय कंपनीने जात असाल तर जाताना तो नियम लागत नाही, युरोपातून परत येताना लागतो. आकाश बंद होणे, वादळ ही कारणे कंपनीची चूक धरली जात नाहीत, पण जेवण आणि राहण्याची सोय तेव्हाही द्यावी लागते.

शेंगा चटणी कुठे ठेवावी?

चेक-इन बॅगेत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत असेल तर वेगळी तपासतात, आणि खात्री झाली नाही तर ठेवून घेतात. जाड पिशवीत दोनदा बांधा, तेल सुटते. आणि उतरल्यावर अमेरिकेच्या कस्टम्स फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असे लिहा. चटणी लिहिल्याने अडवत नाहीत, न लिहिल्याने दंड होतो.